तिसरी ‘ब’च्या खिडक्यांचे स्क्रू तातडीने काढण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग.

विषय : वर्गाच्या चार खिडक्या उघडून मिळणे, तसेच माझ्या चुकीची कबुली.
संदर्भ : ‘हवा उत्कृष्ट असल्याने खिडक्या उघडण्याची आवश्यकता नाही’ हे आपले उत्तर.

महोदय,

मी तिसरी ‘ब’ची वर्गशिक्षिका. मागच्या दोन अर्जांत मी खरे लिहिले नव्हते. आता भीती वाटते, म्हणून लिहिते.

१. गेल्या वर्षी आपण प्रत्येक वर्गाला हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे मीटर दिले. आकडा हजारावर गेला की ते वाजते. आमच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुले. सहामाही परीक्षेत ते थांबेचना, म्हणून मीच ते उचलून व्हरांड्यातल्या खुंटीला अडकवले. तिथे ते शहाण्यासारखे गप्प बसले.

२. रोजचा आकडा नोंदवहीत लिहिणे माझेच काम. आठ महिने मी व्हरांड्यातला लिहिला. त्यावर आपले ‘उत्कृष्ट हवा’ प्रमाणपत्र आले आणि मुख्याध्यापकांनी ते दारावर लावले. हवा इतकी चांगली, तर रस्त्याची धूळ आत कशाला, असे म्हणून त्यांनी सुट्टीत सुताराकडून खिडक्या स्क्रू मारून बंद केल्या. मी तोंडातून ब्र काढला नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

३. तिसऱ्या तासाला मुले पेंगू लागली. मला वाटले, माझे शिकवणेच तसे. महिन्यापूर्वी मीटर गुपचूप आत आणले. आकडा दोन हजार नऊशे. म्हणून ते दोन अर्ज केले. दार सताड उघडे ठेवते, पण पंखा तीच हवा घुसळतो.

४. तेव्हापासून मी दर पंधरा मिनिटांनी हजेरी घेते. मुले हसतात, बाई विसरभोळ्या झाल्या म्हणतात. मला फक्त अठ्ठेचाळीस आवाज ऐकायचे असतात.

५. सतरा नंबरच्या मुलीला दमा आहे. प्रमाणपत्र पाहूनच तिच्या आईने तिला ‘अ’ तुकडीतून आमच्याकडे आणले. आई मला म्हणाली, “बाई, ती तुमच्या वर्गात आहे म्हणून मी बिनघोर आहे.” काल त्या मुलीला मी तीनदा हाक मारली. ती ‘हजर’ म्हणाली ती पंप दिल्यावर. मग तिला व्हरांड्यात बसवले, त्याच खुंटीखाली. तिच्या आईला मी अजून काही सांगितलेले नाही. धीर होत नाही.

तरी सुताराला आजच पाठवावे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती जरूर व्हावी, परंतु खिडक्या उघडेपर्यंत मला निलंबित करू नये, चौकशीलाही शाळेच्या वेळेत बोलावू नये. माझ्या जागी जे कोणी येईल, ते हजेरी एकदाच घेईल.

आपली नम्र आणि घाबरलेली,
वर्गशिक्षिका, तिसरी ‘ब’
बुधवार, मधली सुट्टी

सोबत :
(१) आठ महिन्यांची खोटी नोंदवही
(२) दारावरून काढलेले प्रमाणपत्र
(३) स्क्रू, एक. उरलेले पंधरा माझ्याच्याने निघाले नाहीत.