मला आंघोळ कोण घालणार

६ नोव्हेंबर, रविवार

अलिबागच्या लेआबाई गेल्या. आमच्या बेने इस्राएल बायकांत मयताला रीतीने आंघोळ घालणाऱ्या इकडे त्याच उरल्या होत्या. आता माझी पाळी आली की कोण? मुंबईहून बायका येतील म्हणे. तोवर मी तशीच पडून!

रूथचा इस्राएलहून पुन्हा तोच फोन. 'आई, इकडे ये.' म्हटलं, तुझे बाबा इथल्या कबरस्तानात आहेत, मला त्यांच्याशेजारीच जायचंय. कंटाळा आलाय तेच तेच बोलायचा.

८ नोव्हेंबर, मंगळवार

होमस्टेवाल्या अल्पेशने काशीदचे पाहुणे आमच्या कबरस्तानात आणले. ओलीची गोष्ट सांगायला मीच हवी. सांगितली — पूर्वजांचं गलबत फुटलं. वाचलेल्यांनी मेलेल्यांना पुरलं. एक मेलेली बाई मागाहून वाहत आली, तोवर कोणात त्राण उरलं नव्हतं. आंघोळीविना पुरली. ती ओली. अजून दारोदार 'पाणी घाला गं' म्हणत फिरते. जी घालते तिला सोबत नेते.

पाहुण्यांनी फोटो काढले. मला आता त्या बाईची दयाच येते.

१० नोव्हेंबर, गुरुवार

शेजारची नीराबाई बोंबील घेऊन आली, माझं तोंड बघून बसलीच. सगळं सांगितलं. 'त्यात काय? मी घालीन तुला आंघोळ. शिकव.' तू कोळीण, आमच्यात चालेल का — ओठांवर आलं, गिळलं. नको म्हणायला तरी कोण राहिलंय इथे?

१३ नोव्हेंबर, रविवार

नीरा शिकली. पाणी डोक्यापासून, धार तुटू द्यायची नाही. पांढरे कपडे हाताने शिवायचे, दोऱ्याला गाठ नको. सराव म्हणून मला मोरीत बसवून तांब्या ओतला मेलीने! वर म्हणते, 'तेव्हा एवढी कुरकुर करू नको.' हसून हसून पुरेवाट. किती वर्षांनी कोणीतरी पाठ चोळली. रडलेही थोडी.

१६ नोव्हेंबर, बुधवार

गुडघे ठणकतायत. बाकी काही नाही.

२० नोव्हेंबर, रविवार

नीरा गेली. गुरुवारी बाजारातून आली, ओटीवर पडली ती उठलीच नाही. आज तिच्या सुनेकडे, मैनाकडे बसायला गेले. तिने उंबऱ्यावरच थांबवलं. 'आईने तुमाला पाणी घातलं नि आठवड्यात गेली. माझी पोरं लहान हायत. आमच्या दारी येऊ नका, मावशी.'

रूथला फोन केला. तिकीट काढ म्हटलं.