शनिवार कुठल्या देवाचा

कोल्हापूर, फेब्रुवारी २००९

प्रिय शिवलीला,

तुझा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, म्हणून आप्पाच बोलले. पाचवा महिना लागला, उलट्या थांबल्या, ऐकून बरं वाटलं. मृत्युंजयरावांच्या हॉटेलात गोरे पावणे कमी झालेत, म्हणून जावईबापूंना आठवड्यातनं निम्मेच दिवस स्वयंपाकाला बोलावतात, हेबी कळलं. तुमच्या मॉरिशसात चहूकडं ऊसच ऊस, आपल्या शिरोळसारखा, पण तांदूळ, डाळ, पीठ सगळं जहाजानं येतंय म्हणे. मग महागणारच की. ऊस चघळून काय पोट भरत न्हाय.

इकडंबी तीच गत हाय. तूरडाळीकडं बघवत न्हाय. देवीला आलेली माणसं आपल्या खाणावळीच्या दारात येतात, ताटाचा भाव विचारतात आणि भडंग घेऊन पुढं जातात. तरी आप्पांचा हट्ट तोच, दुसऱ्यांदा झुणका मागितला तर न्हाय म्हणायचं न्हाय. तुझ्या आज्जीची रीत ती. मी दमले गं आता. गुडघे उठू देत न्हाईत, आणि रीत काय गुडघ्यांना विचारत न्हाय.

आप्पा मात्र खुशीत हायत. लेक परदेशात राहून सोमवार धरते, गुरुवार धरते, आता शनिवारबी धरला, असं गिऱ्हाइकांना सांगत सुटलेत. मी ऐकलं आणि तव्यावरली भाकरी करपली.

कांदा महागला त्या साली मीबी हेच वार धरले. सोमवार, गुरुवार, मग शनिवार. तू तेव्हा शाळेत होतीस. विचारलंस, आई, शनिवार आपल्या घरात कुठल्या देवाचा गं? मी तुला गप जेव म्हटलं.

देवबिव काय नव्हता, बाळ. पंगत उठल्यावर पातेल्यात उरायचं ते तुझ्यापुरतं आणि आप्पांपुरतंच असायचं. बाईनं जेवत न्हाय म्हटलं की घरातली चार प्रश्न विचारतात, उपास म्हटलं की कौतुक करतात. हे शहाणपण तू माझंच उचललंस, त्याचा राग येतोय. तुझा न्हाय, माझाच. पोटात जीव असताना कसले वार धरतेस? पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, तर आत्ताच निघ. तिकिटाला माझ्या पाटल्या हायत. मृत्युंजयरावांना सांग, आईचे गुडघे गेलेत, खाणावळीत हात पायजे. खोटं न्हाय ते. इथं दुसऱ्यांदा मागितलं तर कुणी न्हाय म्हणत न्हाय. आणि हे पत्र हातात पडेल तेव्हा वार कुठलाबी असू दे, आधी जेव.

तुझीच, आजपासनं शनिवार सोडलेली,
आई