पाणी पंचेचाळीसवर

पिचेर्नो,
१४ जानेवारी

प्रिय दोनातो,

अनेक आशीर्वाद. मी तुझी आई, फिलोमेना. ओळख करून द्यावी म्हटलं, कारण नाताळला तुझा फोन आला तो उभ्याउभ्या, आणि सहा तारखेला बेफानाच्या सणाला तर आलाच नाही. भिंतीवर तू लावून गेलेला थर्मोस्टॅट मात्र विसरत नाहीस. तिकडे उत्तरेला तोरिनोत बसून मोबाइलवर घडीघडी त्याची खुशाली बघतोस. आणि म्हणे विसरायला मला होतंय!

इकडे सगळं बरं आहे. डुक्कर कापून झालं, सॉसेज माळ्यावर टांगली आहेत. गुडघा आहे तिथंच आहे. बर्फावरून पाद्रीबाबा चर्चच्या पायरीवर घसरले. लागलं काही नाही, पण तोंडून जे निघालं ते ऐकलेल्या बायका अजून छातीवर क्रूस करताहेत.

मला अक्षरं कधी आली नाहीत, तेव्हा हे मी सांगतेय आणि दुसरं कुणी लिहितंय. कोण, ते तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. पत्र खाली ठेवू नकोस. आधी बॉयलरचं बोलू.

परवा फोनवर म्हणालास, "आई, थर्मोस्टॅट वीसवर लावलाय. बॉयलर सकाळपासून चालू आहे आणि घर सतराच्या वर जात नाही. खिडक्या उघड्या टाकतेस का?"

"नाही रे."

"मग ऊब जाते कुठं?"

"मी काय तिच्या मागं मागं फिरते?"

तू हसला नाहीस. "आई, तुला आठवत नसेल," म्हणालास, आजाऱ्याशी बोलतात तसं. येत्या रविवारी डॉक्टरला घेऊन येतोयस. पोतेन्झाला नन्सच्या आश्रमात माझ्यासाठी खोली सांगून ठेवलीस आणि या घराला कुलूप लावणार आहेस. माझ्याच भल्यासाठी.

तर ऐक. खोली किती ऊबदार हवी ते थर्मोस्टॅट ठरवतो. पण रेडिएटरमधलं पाणी किती तापायचं, ते स्वयंपाकघरातल्या बॉयलरवरचं बटण ठरवतं. तू ते पंचाहत्तरवर ठेवून गेलास. मी पंचेचाळीसवर आणलं. आकडे मला येतात, नाताळच्या हौजीनं नव्वदपर्यंत शिकवलेत. तसल्या कोमट पाण्यानं हे दगडी घर जानेवारीत विसाला पोचत नाही, म्हणून बिचारा बॉयलर दिवसभर धापा टाकतो. खिडक्या बंद आहेत. माझं डोकंही जागेवर आहे. बटण मी मुद्दाम फिरवलं.

का फिरवलं, ते सांगायचं टाळत होते. पण तू मला न विचारता बॉयलरवाल्या गेरार्दोला पाठवलंस.

तो बघून म्हणाला, "काकू, पंचेचाळीस? या रेडिएटरला टेकून कोंबडीसुद्धा बसायची नाही! दोनातोनं पंचाहत्तर सांगितलंय."

"राहू दे तसंच."

"अहो पण का?"

का ते त्याला सांगता येईना. त्यानं बटण फिरवलं. म्हटलं, हा गेला की परत फिरवीन. पण गडी खुर्ची ओढून बसला, कॉफी मागितली आणि सासूचं पुराण काढलं. मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि तिथला रेडिएटर तापत चालला होता. मी त्याच्या कपाकडे बघत होते. इतकी हळू कॉफी पिणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

मग आतून किंकाळी आली.

"काकू, काय ते?"

"मांजर."

"मांजर असं रडतं?"

"आमचं रडतं."

तो निघाला. जाताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून तुला काय कळवलं असेल ते मी सांगू शकते.

दोनातो, आत तुझी लेक रोझालबा होती. गेरार्दोला चाहूल लागू नये म्हणून दाराला कान लावून उभी. आणि तिचं लेकरू, जे हल्ली मिळेल ते धरून उभं राहतं, रोजच्यासारखं रेडिएटर धरून उभं राहिलं. रोज तो कोमट असतो. तळहाताला दोन फोड आलेत. डॉक्टरांनी मलम दिलंय, बरं होतंय.

तू लोकांना सांगतोस की पोरगी लंडनला नोकरीला आहे. लंडन माझ्या मागच्या खोलीत आहे. हे पोट घेऊन माझ्या घरात यायचं नाही, असं तूच तिला म्हणालास. तिनं ऐकलं तुझं. तुझ्या घरात आली नाही, माझ्या घरात आली.

इथं तिनं पेन खाली ठेवलंय. "आजी, हे मी लिहिणार नाही. बाबा येण्याआधी मी जाते इथून."

"कुठं जाशील?"

"कुठंही."

"कुठंही म्हणजे या बर्फात, बाळाला घेऊन? लिही. मला लिहिता आलं असतं तर तुझ्या विनवण्या केल्या असत्या का?"

नाक पुसून तिनं पुन्हा पेन उचललं.

खरं सांगू? वाटलं होतं, वेडी म्हणवून घ्यावं आणि गप आश्रमात जावं. निदान हिचं नाव तरी माझ्या तोंडून फुटायचं नाही. पण घराला कुलूप लागलं की ही दोघं कुठं जाणार? म्हणून बोलले.

बाळाचं नाव विचारशील. बाप थांबला नाही, तेव्हा त्याच्या घरचं नाव देण्याचा प्रश्नच नव्हता. हिनं आपल्या रीतीप्रमाणं आजोबांचं दिलं. स्वतःच्या बापाचं. मी दिवसभर ओरडत असते, "दोनातो, तिकडे हात लावू नको!" पहिले काही दिवस तुझी मुलगी प्रत्येक वेळी दचकून दाराकडे बघायची.

रविवारी ये. डॉक्टरला आणू नकोस. बॉयलरला हात लावायचा नाही. मोबाइलवर सतरा दिसले तर सतरा दिसू देत, आम्ही स्वेटर घालून बसतो. आणि दारात उभं राहून आधी ओरडणार असशील, तर जिन्याखालीच ओरडून घे आणि मग वर ये.

तुझी आई,
फिलोमेना
(ही फुली मात्र माझ्या हातची.)

ता.क. आजवर खाण्याचं पार्सल इथून, दक्षिणेतून, वर तुझ्याकडे गेलं, आता एकदा वरून खाली येऊ दे. छोट्या दोनातोला दात येताहेत. तुमच्या तोरिनोच्या त्या काडीसारख्या लांब, कुरकुरीत पावाच्या कांड्या पाहिजेत, चावायला. जाड बघून घे, बिनमिठाच्या. बसच्या ड्रायव्हरकडे दिल्यास तर तुझं उत्तर मला कळेल. पण त्या हातात घेऊन तू स्वतः आण.