जंत नव्हे, जंतू

लीड्स, रविवार

तीर्थरूप आबांना,

माधवीचा नमस्कार. रागात आहे, तरी करते.

फोनवर ओरडले की तुम्ही हसता, म्हणून कागदावर लिहिते. आईसमोर मोठ्यानं वाचा.

मी सांगितलं होतं, पोटातले जंतू जांभळातला तुरटपणा फोडतात आणि त्यातून जे निघतं ते रक्तात जाऊन उपयोगी पडतं. तुम्ही ऐकलं 'जंत'! मेडिकलमधून जंताचं औषध आणून प्यायलात, वर मधुमेहाची रोजची गोळी बंद केलीत. आणि अख्ख्या मळवलीला सांगत सुटलात, "आमची पोरगी म्हनली, जांभूळ हाय तर गोळी कशाला!"

असं मी कधी म्हणाले? आबा, हे जंतू आपल्या कामाचे असतात. पण सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात, त्यामुळे एकाला लाभतं ते दुसऱ्याला लाभेलच असं नाही. आम्ही इथल्या प्रयोगशाळेत अजून तेच तपासतोय. बांधावरची जांभळं खुशाल खा, पण गोळी सोडायची नाही.

इथं मी परक्या माणसांच्या लघवीत जांभळाचा माग काढत बसते, आणि माझ्या बापाच्या पायाची जखम भरत नाही हे मला शेजारच्या शालूमावशीनं सांगावं?

आईचे गुडघे कसे आहेत? तिच्यावर काही प्रयोग केला नाहीत ना?

मी वेळेवर जेवते. काळजी नको.

रोज गोळी घेतलीत की मिस्ड कॉल द्या. मी उचलणार नाही. पण फोन हातातच असेल.

तुमचीच,
माधवी