संक्रांतीला लुटलेल्या अकरा बशा

३ डिसेंबर, बुधवार. बारामती
माळ्यावरचं खोकं उतरवलं. वर माझ्याच अक्षरात 'बशा १२'. आत रद्दी आणि एकच बशी, कडेचा टवका उडालेली. बाकी अकरा गायब.
निळी वेल, सोनेरी कड, मागे विलायती शिक्का. दिव्यासमोर धरली की पलीकडची बोटं दिसतात. सतरा वर्षांपूर्वी निमगाव केतकीला गुरांचा डॉक्टर होतो, तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणल्या. काचेच्या कपाटात जागा नव्हती म्हणून खोक्यात घातल्या, पुन्हा काढल्याच नाहीत. असा आमचा जुन्या कपबशा जमवायचा शौक! चोर म्हणावा, तर टवका बघून एक मागे ठेवणारा चोर कुठला?
पद्मा असती तर तिला विचारलं असतं. तिला जाऊन चौदा महिने झाले.

५ डिसें., शुक्र.
निमगावला कमलबाईंना फोन. दवाखान्यातल्या आमच्या शिपायाची बायको, पद्माची तिथली मैत्रीण. विचारायचा अवकाश, हसायलाच लागल्या. "अवो सायेब, त्या तर ताईंनी संक्रांतीला लुटल्या की! अकराजणींस्नी. टवक्याची तेवढी मागं ठिवली. फुटकं वाण देत्यात व्हय कुणी?"
हळदीकुंकवाचं वाण! माझ्या बशा! मी त्या दिवशी फिरतीवर असणार, नेहमीप्रमाणे. दिवसभर राग. काढायचा कुणावर?

६ डिसें.
राग उतरला. इथं तरी खरं लिहावं. बशा हाडाच्या. बोन चायना. मातीत बैलाच्या हाडांची राख, जवळजवळ निम्मी. मला आणतानाच ठाऊक होतं. प.चं माहेर माळकरी. आमच्या घरात कधी अंडं आलं नाही. तिनं विचारलं होतं, "कशाच्या हो या?" मी म्हणालो, "चिनी मातीच्या." विषय संपला.
म्हणजे अकरा सवाष्णींच्या हातात हाडं ठेवली ती तिनं नाही, मी.

९ डिसें., मंगळ. निमगाव
एसटीनं गेलो. कमलबाईंना सहाच नावं आठवली. पहिलं घर गजराबाईंचं. बशी देवघरात! वर खडीसाखर, शेजारी निरांजन. "ताईंची आठवण हाय ही. तवापासनं देवाचा निवद हिच्यातच." त्यातलीच खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. काय करणार?
बशी मागायला गेलो होतो, गुडघे कसे आहेत विचारून परत आलो. बाकीच्या घरांकडे पाय वळेना. जन्मभर मुक्या जनावरांशी निभावलं, माणसांशी बोलायची वेळ आली की परतीची एसटी पकडतो.

२१ डिसें., रवि.
कुणी आलं नाही. दूधवालाही पिशवी कडीला अडकवून जातो. कपाट पुसलं. त्रेचाळीस कप, सात किटल्या. शंभर वर्षांची म्हातारी मंडळी. एकातही मी कधी चहा ओतला नाही. प. म्हणायची, "तुमच्या कपांना पाहुणे नाहीत आणि माझ्या पाहुण्यांना कप नाहीत." मी हसायचो.
फार एकटं वाटतं हल्ली. लिहिलं, झालं.

४ जाने., रवि.
बंगळूरहून मृणालचा फोन. लेक दर रविवारी करते, नेमानं. बशांची गोष्ट सांगितली.
"त्या बोन चायनाच्या ना? मी हॉस्टेलवर होते तेव्हा आईनं विचारलं होतं. मागची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचून दाखवली."
"मग?"
"सांगितलं मी, हाडाच्या असतात म्हणून. तुम्ही तिला सांगितलं नव्हतं?"
"कधी? संक्रांतीच्या आधी की नंतर?"
"बाबा, कसं आठवणार ते आता?"
आधी कळलं असतं तर तिनं जीव गेला तरी वाटल्या नसत्या. म्हणजे नंतरच. मग माझ्याशी भांडली कशी नाही? साध्या मिठावरून भांडणारी बाई.

११ जाने., रवि. काटेवाडी
कमलबाईंच्या यादीतली शोभा. तेव्हा निमगावला नवी सून होती, आता इथं गोठा सांभाळते. आधी गाय दाखवली, मग चहा दिला. मी बशीचं विचारलं.
"हाय की. पर सायेब, तुमी बी माघारी न्यायला आलाव?"
"मी बी म्हणजे?"
"ताई आल्या हुत्या न्हवं! तुमची बदली झाल्यावर, बारामतीवरनं. पिशवीत ष्टीलच्या ताटल्या. म्हणल्या, त्या बशा तडकत्यात, ही घे, ती दे. आमच्या सासूबाईंनी देऊ दिली न्हाय. वाण माघारी देत न्हाईत म्हणल्या. घरोघर हिंडल्या बिचाऱ्या, कुणीच देईना. पिशवी लई जड, ष्टँडापतुर मीच न्हेली."
चहा तसाच राहिला.
घरी येऊन मांडणीवरच्या ताटल्या मोजल्या. अकरा. रोज त्यातल्याच एकीत जेवतो मी. दोन माणसांच्या घरात अकरा सारख्या ताटल्या कशाला, हे कधी विचारलं नाही.

१३ जाने., मंगळ. भोगी
भाजी-भाकरी केली नाही. दूधपोळी.
उद्या संक्रांत. गजराबाईंकडे जावं म्हणतो. देवघरासमोर बसून खरं सांगायचं की पुन्हा गुडघ्यांचं विचारून परत यायचं, ठरत नाही. सांगितलं तर त्या बशी बाहेर काढतील, आणि बशीबरोबर पद्मालाही. नाही सांगितलं तर देवाला रोज हाडांवरचा नैवेद्य.
तू मला पुन्हा विचारलं का नाहीस, यातच दोन दिवस घालवले. विचारलं असतंस तरी मी पुन्हा "चिनी मातीच्या" असंच म्हणालो असतो, पद्मा. तुला ते ठाऊक होतं. म्हणून ती पिशवी घेऊन एकटीच गेलीस.