ॲसिड पाजलंय त्याला

प्रिय जेरे,

सवयीनं 'उंदीरखाऊ' असंच लिहायला सांगणार होतो, पण चिलेशेनं, माझ्या लेकीनं, पेन थांबवलं. अक्षर तिचं, शब्द माझे. का, ते तुला ठाऊक आहे.

किटवेच्या खाण-चाळींत पाइप अजून तुंबतात. परवा नवी पोरं मशीन घेऊन आली आणि पाण्याच्या जोरानं जुना मातीचा पाइपच फोडून बसली. आधी हसलो, मग चिडलो. वीस वर्षं आपण काय करत होतो? झाकण उघडायचं, सळई घालायची, टोकाला काय लागतं ते बघायचं. चरबी असेल तर उकळतं पाणी, मुळं असतील तर फिरवून ती तोडणारी लांब स्प्रिंग. ॲसिड अगदी शेवटी, आणि एकदा ओतलं की त्या पाइपला हात लावायचा नाही.

त्या दिवशी टोकाला आंब्याची मुळं लागली होती. मी स्प्रिंग आणायला गेलो, तेवढ्यात तू वरच्या मोरीत ॲसिड ओतलंस. तुला मॅच गाठायची होती. मुळं काय ॲसिडनं सुटतात होय रे? मी खाली चेंबरशी वाकून स्प्रिंग सरकवत होतो आणि तू वरून ओरडलास, ए माकडखाऊ, हात लावू नकोस, ॲसिड पाजलंय त्याला! मी म्हटलं, उरलेलं तू पी. तू न्गोनी, मी बेम्बा, आपल्या दोन्ही जमातींचं पिढीजात थट्टेचं नातं. साप आहे, साहेब आला, बायको पळाली, असं काहीबाही तू रोज त्याच सुरात ओरडायचास. तुंबलेलं सुटलं आणि सगळं माझ्या डोळ्यांत आलं.

चौकशीत तू म्हणालास, मी बजावलं होतं. खरंय, बजावलं होतंस. कागदावर माझा निष्काळजीपणा ठरला आणि खाली तुझी सही. चार पायऱ्या उतरून माझा हात का धरला नाहीस, हे कुणी विचारलं नाही. मी विचारतोय.

काल आई गेली. ॲसिड कुणी ओतलं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. रोज विचारायची, तो उंदीरखाऊ मला चिडवायला का येत नाही? आता भाऊबंद अडून बसलेत, न्गोनीनं थट्टा केल्याशिवाय बेम्बाला माती द्यायची नाही म्हणतात. म्हणून हे पत्र. शनिवारी ये. खड्डा खण, तिला म्हातारी माकडीण म्हण, लोकांना हसव. तो तुझा हक्क आहे, आणि तिचाही. माझ्याशी मात्र गमतीनं एक शब्द बोलू नकोस. तुझं तोंड दिसत होतं तेव्हाही थट्टा कुठली नि खरं कुठलं ते मला कळलं नाही, आता तर तोंडही दिसत नाही.

एके काळचा तुझाच,
कपंब्वे