सटवाईच्या पाटावरचा चाकू

सानपाडा,
बाळाचा दहावा दिवस

ती. राहीआत्या,

दिनानाथचा साष्टांग नमस्कार. (वाकताना गुडघा कुरकुरला, पण नमस्कार पुरा केला आहे.) तुझा खोकला, तुझी कंबर आणि तुझी ती मारकी म्हैस, तिन्ही शांत असतील अशी आशा करतो. आम्ही इथे वरवर पाहता खुशाल आहोत. वरवर का, ते पुढे येईलच. फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते पाचव्या मजल्यावरून ओरडून सांगण्यासारखं नाही. वैजयंतीचा भाऊ सयाजी उद्या सकाळी पाटणला यायला निघतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पुडकं पाठवतो आहे. पुडकं मात्र पत्र वाचून झाल्याशिवाय सोडू नकोस.

गीतांजलीला मुलगी झाल्याचं तुला कळलंच असेल. मी आजोबा झालो, तू पणजी झालीस, अभिनंदन. पोर गोरीगोमटी आहे, आवाज खणखणीत आहे, आणि नाक आपल्या घराण्याचं नाही ही देवाचीच कृपा. बाळ-बाळंतीण दोघी आमच्याकडेच आहेत. घरात शेक-शेगडी, बाळंतशेपा आणि वैजयंतीचा हुकूम असं त्रिकूट चाललंय. तीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, पण स्वतःच्या घरात मला साधं दुपटं कुठे ठेवलंय ते विचारायची चोरी.

आता मुख्य गोष्ट. माझ्या खिशात घडीचा चाकू असतो हे तुला ठाऊक आहे. अण्णांच्या बंडीत असायचा, माझ्या पँटीत असतो, त्यात विशेष ते काय? पेरू चिरावा, सुतळी कापावी, पायात काटा गेला तर काढावा. पण या शहरात खिशात चाकू म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. मॉलच्या दारात ते यंत्र टूँ टूँ करतं आणि तिथली बाई माझ्याकडे दरोडेखोर पाहावा तशी पाहते. तिला मी सांगितलं, बाई, हा पेरूसाठी आहे. तर म्हणते, "काका, आत पेरू नाय मिळत." (मिळतात. थंडगार आणि बेचव.) सोसायटीत तर याहून मजा. एरवी मला 'चाकूकाका' म्हणून हसायचं, आणि पार्सल आलं की माझ्याच दाराची बेल वाजवायची! माझ्या बिस्किटांच्या डब्यात सध्या एकतीस चाकू आहेत. शिंगाच्या मुठीचा आहे, पितळी मुठीचा आहे, कलमं बांधणाऱ्या माळ्याचा वाकड्या पात्याचा आहे. एकही हातातून हातात दिलेला नाही, अण्णांच्या शिकवणीप्रमाणे खाली ठेवायचा आणि समोरच्याने उचलायचा. वैजयंती म्हणते, लोकांचे नवरे म्हातारपणी देवधर्माला लागतात, माझा हत्यारं जमवतो.

एकतिसावा चाकू गेल्या वर्षी जासईला मिळाला. तिथे कंटेनरच्या आवारांकडे जाणाऱ्या रस्त्याला विमलबाई नावाची एक म्हातारी पोतं अंथरून कुलपं, नटबोल्टचे पाने, जुनी घड्याळं असलं काहीबाही विकायला बसते. तिच्याकडे पेनासारखा एक चाकू होता. काळंभोर अंग, सोनेरी क्लिप, टोपण ओढलं की निबाच्या जागी बोटभर पातं. पाहताक्षणी जीव जडला, आत्या. पण ती देईना. आधी विचारलं, "घरान बारीक पोर हाय का?" मी म्हटलं, नाही बुवा, आम्ही दोघंच म्हातारे. तेव्हा कुठे तिने तो पोत्यावर ठेवला आणि म्हणाली, "मंग ने." मला वाटलं, लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून विचारत असेल. शहाणी बाई आहे असंच मी तेव्हा वैजयंतीला सांगितलं होतं.

तर सहावा दिवस आला. सटवाईच्या पूजेला बाळाच्या उशाशी लोखंड लागतं. वैजयंती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुमच्यातला एक चाकू द्या." तीस वर्षांत पहिल्यांदा! मी हरखून गेलो. एकतीसही घासूनपुसून मांडले, पंचवीस मिनिटं विचार केला आणि अण्णांचा शिंगाच्या मुठीचा चाकू उशाखाली ठेवला. पाटावर पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू झालं. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते तर तिला कोरा कागद आणि पेन लागतं, हे तर तूच आमच्या घरात सगळ्यांच्या सहावीला मांडत आलीस. वैजयंती म्हणाली, तेवढं पेन ठेवा. नेमका त्याच वेळी पाण्याच्या टँकरवरून वॉचमनचा फोन. मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्या हाताने शर्टाच्या खिशातलं काळं पेन काढून कागदावर ठेवलं, आणि टँकर बी विंगला आधी का गेला यावर भांडायला खाली उतरलो.

पुढचं तुला कळलंच असेल. मला कळलं सकाळी साडेसहाला. वैजयंती बाळाजवळ डोळे मिटून पडली होती, गीतांजली पलीकडे गाढ झोपलेली. मी पाटाशी गेलो, तर कागदावर पेन नव्हतं, जासईचा पेनचाकू होता; आदल्या दिवशी डबा आवरताना मीच तो शर्टाच्या खिशाला अडकवला होता. टोपण बाजूला काढून ठेवलेलं होतं, उभं, जसं आपण नीट ठेवतो तसं. पातं उघडं. आणि कागदावर चिरा होत्या. एकीखाली एक, वहीत ओळी असाव्यात तशा सात चिरा. केसासारख्या बारीक. सहा या कडेपासून त्या कडेपर्यंत, सातवी मध्येच थांबलेली. खालच्या पाटावर ओरखडासुद्धा नाही! मी कागद आणि चाकू खिशात कोंबला, तिथे दुसरा कोरा कागद आणि खरं पेन ठेवलं, आणि दूध आणायला म्हणून जिना उतरलो. (दूध घरी येतं.) मी परत आलो तेव्हा वैजयंती तो कोरा कागद देव्हाऱ्यात ठेवत होती. चेहऱ्यावर काही नाही.

मी अंधश्रद्धाळू नाही हे तू जाणतेस. मी शास्त्रीय पद्धतीने तपास केला. वारा? खिडक्या बंद होत्या. उंदीर? पाचवा मजला, आणि उंदीर टोपण काढून बाजूला उभं ठेवत नाही. मग सोसायटीच्या सभेच्या उरलेल्या नोटिसा घेतल्या आणि पाटावर ठेवून एकतीसही चाकूंनी चिरून पाहिल्या. प्रत्येक वेळी एकतर कागद गोळा झाला नाहीतर पाटावर रेघ उठली. तशी चीर एकदाही जमली नाही. माझं बोट तेवढं कापलं.

आणि आता चिरा खर्च व्हायला लागल्या आहेत. आठव्या दिवशी बाळाची नाळ पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी नॉर्मल. मी मनात म्हटलं, एक. त्याच दुपारी गॅलरीतली वाळणाची दोरी तुटली आणि झबली, दुपटी, लंगोट असा सगळा संसार चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांच्या डोक्यावर गेला. त्यांनी इंग्रजीत निषेध नोंदवला. मी दोरीची टोकं पाहिली. विरलेली नव्हती, कापलेली होती. दोन. काल बाळाच्या मनगटाचा काळा दोरा दुपट्यात सापडला. तीन. वैजयंती म्हणाली, सैल बांधला होता. सैल दोरा गळून पडतो आत्या, त्याचे दोन तुकडे होत नाहीत. पोर झोपेत हसते. सटवाई हसवते म्हणतात, ठीक आहे, सगळ्यांनाच हसवते. पण ही हसताना मान वळवते, आणि ज्या बाजूला वळवते त्या बाजूला माझ्या कपाटात बिस्किटांचा डबा आहे. मी डबा दुसऱ्या खोलीत हलवला. आता ती त्या बाजूला मान वळवते.

मला भीती वाटते. नीट सांगतो, भयंकर भीती वाटते. माझ्या हौसेपायी त्या एवढ्याशा जिवाचं नशीब लिहायच्या ऐवजी चिरलं गेलं. अजून चार चिरा शिल्लक आहेत. त्यात काय काय तुटायचं आहे, आणि ती सातवी मध्येच का थांबली, हा विचार तीन दिवस घासाबरोबर गिळतो आहे. घरात कुणाला बोललेलो नाही. परवा बारसं आहे, आणि सगळे नाव काय ठेवायचं यावर भांडताहेत.

म्हशीला सांभाळ, काढा घेत जा. सर्वांना यथायोग्य.

तुझा,
दिनानाथ

ता. क. पुडक्यात तो कागद आणि तो चाकू आहे. खरं तर याचसाठी पत्र लिहिलं, वरचं सगळं धीर गोळा करायला. गावाच्या वेशीवर सटवाईचं ठाणं आहे तिथे हे ने, खणानारळाने ओटी भर आणि पुन्हा लिहून द्या म्हणून माझ्या वतीने माग. तू मागितलंस तर ती नाही म्हणायची नाही. सयाजीच्या हातून पुडकं घेऊ नकोस, खाली ठेवायला लाव.

ता. क. २. आत्या, घोटाळा झाला! जाऊ नकोस! वैजयंतीने पत्र वाचलं. (डिंक शोधायला उठलो तेवढ्यात.) चीर तिनेच दिली म्हणते! पहाटे पाचला उठली, पाटावर माझा पेनचाकू दिसला, तिचं पित्त खवळलं, आणि मला चांगली अद्दल घडावी म्हणून तिनेच टोपण काढून कागदावर पातं ओढलं. शिवाय म्हणते, "तुमच्या भरवशावर मी संसार केलेला नाही, खरं कागद-पेन बाळाच्या गादीखाली ठेवलं होतं." धन्य ती बाई! मला रडूच फुटलं. तीन दिवसांनी पोटभर जेवलो, दोनदा आमटी घेतली. तिच्या अटीप्रमाणे बिस्किटांचा डबाही उरलेल्या तीस चाकूंसकट सयाजीबरोबर पाठवतो आहे. ओटीबिटीच्या भानगडीत पडू नकोस. मी आता जरा आडवा होतो, पुडकं वैजयंती बांधते आहे.

ती. आत्याबाईंना वैजयंतीचा नमस्कार. हे पडल्याबरोबर घोरायला लागले, म्हणून घाईने चार ओळी लिहिते. कागद ह्यांनी खिशात घातल्यापासून मी पाहिला नव्हता; पत्रात सात चिरा वाचल्या तेव्हा वाटलं, ह्यांना भीतीने एकीच्या सात दिसल्या. आत्ता पुडकं बांधताना उघडला. आत्याबाई, मी एकच चीर दिली होती. ती अर्ध्यावरच सोडली, कारण सटवाईच्या कागदावर पातं चालवतेय हे ध्यानात आलं. तेव्हा बाकी कागद कोरा होता, मी दिवा लावून पाहिलं होतं. नंतर हे येईपर्यंत मी बाळाजवळून हलले नाही आणि डोळ्याला डोळाही लागला नाही. ह्यांना काही सांगू नका, तीन दिवसांनी माणूस झोपलंय. पण तुम्ही ठाण्यावर जा, पुडकं पोचेल त्याच दिवशी जा. सातवी माझी आहे म्हणून आधी पाया पडून माफी मागा. आणि वरच्या सहांचं काय ते तुम्हीच विचारा.